प्रार्थनेतून गळलेलं नाव

ज्या संध्याकाळी तामांनी प्रार्थनेत माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं नाही, त्या संध्याकाळी मला काहीच वाटलं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी माझ्या रडण्याची वाट बघत बसायला नको.

मी एनोकाला मांडीवर घेऊन माझ्या जागी बसले होते, मागच्या खांबाशी, चुलीकडच्या बाजूला, जिथे सुना बसतात. घंटा वाजून गेली होती. घंटा म्हणजे आंब्याच्या झाडाला टांगलेलं जुनं गॅसचं सिलिंडर. त्यावर सळईचे ठोके पडले की गावात ‘सा’ सुरू होतो, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ. मग रस्त्यावर कुणी चालायचं नाही. ज्याने त्याने आपल्या घरात मांडी घालून देवापुढे बसायचं. लुंग्या नेसलेली तरणी पोरं रस्त्याकडेला उभी राहतात आणि एखादा परका मोटार घेऊन आलाच तर हात करून त्याला थांबवतात. आमच्या बेटावर घरांना भिंती नसतात, नुसते खांब. शेजारच्यांचं गीत आमच्यात येतं, आमचं त्यांच्यात जातं, आणि समुद्र मधेच आपला सूर लावतो.

तामा म्हणजे माझे सासरे. शब्दाचा अर्थ बाप, पण घरात सगळेच त्यांना तामा म्हणतात, नातवंडंसुद्धा. त्यांच्या प्रार्थनेला ठरलेली वाट आहे. आधी सरकार, मग चर्चचे पाळक आणि त्यांची बायको, मग गावची सभा, मग आजारी माणसं, आणि शेवटी घरची नावं. सेफिना, म्हणजे माझी नणंद. मग ऑकलंडचा लाफाएले, म्हणजे माझा दीर, त्याची बायको, त्याची मुलं. मग क्वीन्सलंडचा फिलेमोनी, म्हणजे माझा नवरा. मग मी, मग माझी लेक रुता, मग बाळ एनोका. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हा क्रम बदललेला नाही. बाळ जन्मलं की शेवटी एक नाव वाढतं. माणूस गेलं की एक कमी होतं.

त्या संध्याकाळी ते म्हणाले, “लाफाएले, त्याची बायको, त्याची मुलं, मोएलांगी, रुता, एनोका. आमेन.”

सेफिनाताईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी एनोकाचं नाक पुसत होते.

नाव का गळलं ते मला ठाऊक होतं. दुपारी फोन आला होता. मी मागे नारळ खवत होते. तामा चुलीपाशी आले. एरवी ते चुलीपाशी येत नाहीत.

“फिलेमोनीचा फोन होता,” ते म्हणाले. “टोमॅटोचा हंगाम संपला तरी तो तिथेच राहणार आहे. त्याने तिकडे घर केलंय.”

“घर?”

“बाई आहे.”

“बरं,” मी म्हणाले.

अर्धा नारळ उरला होता, तो खवून पुरा केला. पिळून दाट दूध काढलं. अळूच्या पानांच्या पुरचुंड्या बांधल्या. नीरफणस भाजायला टाकला. कुठे काही करपलं नाही.

एनोका झाल्यापासून मी अशीच आहे. दाढ काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो, मग गाल आपला असून आपला राहत नाही. बोटाने दाबला तर बोटाला गाल लागतो, गालाला बोट लागत नाही. तसं. हात मात्र त्यांचं काम विसरले नव्हते. पोराला कुशीत कसं धरायचं, रुताच्या केसांना तेल लावून घट्ट वेणी कशी घालायची, हे हात आपसूक करत होते. मी त्यांच्यामागे चालत होते इतकंच.

त्या रात्री रुता काही बोलली नाही. पाच वर्षांची आहे, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही. पाळकांनी गीताचं एक कडवं गाळलं तर उपासना संपल्यावर जाऊन त्यांना सांगते. नाव गळल्याचं तिने ऐकलं नसेल असं मी धरून चालले. खरं म्हणजे मी काहीच धरलं नव्हतं. जेवण वाढलं.

नंतर ती रोज समुद्रावर जायला लागली. परकराच्या ओच्यात काळे गुळगुळीत गोटे भरून आणायची. घराच्या पुढ्यात आमच्या माणसांच्या कबरी आहेत, सगळ्यांच्याच असतात. पोरं त्यांच्यावर बसून चिंचोके खेळतात, आम्ही कपडे वाळत घालतो. तीनाची, म्हणजे माझ्या सासूची कबर सगळ्यांत नवी. गेल्या वर्षीची. रुता तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेत गोटे मांडत होती. लांबट चौकोन.

“मोए,” सेफिनाताई म्हणाल्या, “तुझ्या लेकीने माझ्या आईच्या उशाशी बांधकाम काढलंय. सभेचा परवाना घेतलाय का विचार तिला.”

“खेळतेय.”

“खेळू दे की. पण काल मी चटई वाळत टाकली तर मला म्हणते, तिथे नको, जागा ठेवलीय. माझ्या बापाच्या अंगणात मला जागा नाही. या घरात आता मीच पाहुणी.”

सेफिनाताई अशाच बोलतात. घरातली थोरली मुलगी. त्यांच्यापुढे भाऊसुद्धा आवाज चढवत नाहीत. तोंड फटकळ आहे, पण मी बाळंतीण असताना माझे कपडे त्यांनी धुतले, आणि धुताना मला रोज ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी मी एनोकाची दुपटी वाळत घालायला गेले. रुता गुडघ्यांवर बसून चौकोनातलं गवत उपटत होती. तिने केवड्याच्या पानाच्या चोथ्याने एकेक गोटा पुसून ठेवला होता.

“काय करतेस गं?”

“काही नाही.”

“कुणासाठी जागा आहे ही?”

ती उपटत राहिली. मग म्हणाली, “आई, विमानातून येते ती पेटी केवढी असते? शेजारच्या तालियाच्या मामाची होती तेवढीच?”

“कसली पेटी?”

“असंच.”

मी खाली बसले. दुपटी हातातच होती. “रुता, कुणाची पेटी?”

तिने घराकडे पाहिलं, तामा आहेत का ते बघितलं, आणि माझ्या कानाशी येऊन सांगितलं. “बाबांची. तामांनी त्यांचं नाव काढलं.”

तेव्हा मला आठवलं. तीनाला पुरलं त्या संध्याकाळी याच पोरीने सगळ्यांदेखत म्हटलं होतं, तामा, तुम्ही तीनाला विसरलात. आणि तामांनी तिला जवळ ओढून सांगितलं होतं, “जे गेले त्यांच्यासाठी आपण मागत नाही. ते प्रभूच्या हातात पोचले. जे अजून वाटेत आहेत त्यांच्यासाठी मागायचं.” तिने ते पाठ करून टाकलं होतं, जशी ती वचनं पाठ करते. तिच्या हिशेबात चूक कुठेच नव्हती.

“बाबा जिवंत आहेत,” मी म्हणाले. “तिकडे टोमॅटो तोडतात.”

ती माझ्याकडे बघत राहिली, आपण तापातल्या माणसाकडे बघतो तशी. मग तिने माझ्या गालावर हात फिरवला. हाताला माती होती.

“तुला सांगितलं नसेल,” ती म्हणाली. “तू आजारी आहेस ना, म्हणून.”

म्हणजे इतके दिवस ती गप्प होती ती माझ्यासाठी. बाप मेल्याचं एकटीने पोटात ठेवून समुद्रावरून गोटे वाहत होती, आईला कळू नये म्हणून. हे मला समजलं. समजलं एवढंच. पुढे जे यायला हवं होतं ते आलं नाही.

मी तिला घरात नेलं आणि फिलेमोनीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. रुता माझ्या दंडाला कान टेकवून ऐकत उभी होती. तिसऱ्यांदा लावल्यावर फोन बंद असल्याचं सांगणारा ठरलेला आवाज आला.

“बघ,” रुता हळूच म्हणाली, मला वाईट वाटू नये अशा आवाजात, आणि परत गवत उपटायला गेली.

मी सेफिनाताईंना सांगितलं. त्या मासे साफ करत होत्या. सुरी थांबली.

“देवा रे,” त्या म्हणाल्या. मग सुरी परत चालवत, “मी सांगते ना पोरीला.”

“सांगा. मी सांगून बघितलं. प्रार्थनेत नाव नाही तोवर ती कुणाचंच ऐकणार नाही. तामांशी बोला तुम्ही.”

“मी? परवा पाळक हेच विचारायला येऊन बसले, तासभर. कोको पिऊन गेले. तामा त्यांच्याशी डुकरांच्या कुंपणाबद्दल बोलले. मी बोलायला गेले तर मला डुकरातच नेऊन बांधतील.” त्यांनी खवले झटकले. “आणि खरं सांगू? मलाही नाव घ्यावंसं वाटत नाही त्याचं. माझा पाठचा भाऊ. लहानपणी पाठीवर घेऊन फिरले मी त्याला.”

“ताई, तिने जागा पुसून ठेवलीय.”

“माहितीय,” सेफिनाताई म्हणाल्या. “माझ्या आईपेक्षा स्वच्छ.” आणि मग त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, “तूच जा. तुला ते डुकरांचं नाही सांगणार.”

तामा समोरच्या खांबाशी बसून सुंभ वळत होते. उघड्या मांडीवर नारळाचा काथ्या ठेवायचा आणि तळव्याने पुढे रेटायचा. सभेतली म्हातारी माणसं बोलताना हेच करतात, बोलत नसताना तर जास्तच. मी वाकून पुढे गेले आणि बसले.

“बोल,” ते म्हणाले.

“प्रार्थनेत नाव परत घ्या, तामा.”

कुणाचं असं त्यांनी विचारलं नाही. सुंभ वळत राहिले. “तुझ्यासाठीच गाळलं ते. तू मागे पोर घेऊन बसणार, आणि मी तुझ्यासमोर त्याच्यासाठी आशीर्वाद मागणार? माझ्या घरात आलेल्या मुलीचा एवढा अपमान मी माझ्याच तोंडाने करू?”

“मला काही वाटत नाही.”

“ते दिसतंय मला.” त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. “ते बघूनच तर गाळलं.”

मी चटईवर सांडलेला काथ्या गोळा केला.

“आणि मागू काय?” ते म्हणाले. “तूच सांग. त्याच्या घराचं रक्षण कर म्हणू? कुठल्या घराचं? देवापुढे तोंड उघडायचं तर खरं बोलायला पाहिजे. चाळीस वर्षं मी त्या चटईवर खोटं बोललो नाही. नाव तोंडाशी येतं, पण बाहेर पडत नाही, पोरी.”

मी त्यांना गोट्यांचं सांगितलं. पेटीचं सांगितलं. त्यांनी तिला काय शिकवलं होतं त्याची आठवण दिली. त्यांचा तळवा मांडीवरच थांबला. त्यांनी अंगणाकडे पाहिलं. ऊन उतरलं होतं आणि काळे गोटे ओळीने चमकत होते.

“मला वाटलं खेळते,” ते म्हणाले.

“मलाही.”

मी वाकूनच परत आले. एनोका उठला होता.

घंटा वाजली. आम्ही बसलो. गीत झालं. त्या दिवसांत आमची बायबलातली नीतिसूत्रं चालू होती, रोज एक अध्याय, एकेकाने एकेक वचन. आधी तामा, मग सेफिनाताई, मग मी, मग पुन्हा तामा. लहानपणी सगळीच पोरं करतात तसं मी पुढचं मोजून बघते, आपल्याला कुठलं येणार ते. आता मोठेपणीही खोड गेलेली नाही. शेवटाकडचं एक माझ्या वाट्याला आलं. जिभेच्या हाती मरण आहे आणि जगणंही, असं काहीसं, आणि जो तिला जपेल तो तिचं फळ खाईल. मी साबणाच्या पुड्यावरचं वाचावं तसं वाचलं आणि पुस्तक तामांकडे सरकवलं.

तामांनी चष्मा सावरला. वाचलं नाही. पान बघत राहिले. मग पुस्तक सेफिनाताईंकडे द्यायला लागले.

“तामा,” रुता म्हणाली, “तुमचं राहिलं.”

आमच्या घरात वचन गाळत नाहीत. वंशावळीतली ती न उच्चारता येणारी नावंसुद्धा आम्ही एकेक करून वाचलेली आहेत. तामांनी पुस्तक परत घेतलं आणि भरभर वाचून टाकलं. ज्याला बायको मिळाली त्याला चांगली वस्तू मिळाली, देवाची कृपा मिळाली. वाचताना त्यांचे कान लाल झाले होते. सेफिनाताई खोकल्या. मला वाटतं ते हसू होतं, किंवा नसेलही.

मग प्रार्थना. सरकार. पाळक. सभा. तालियाची आजारी आई. मी डोळे मिटले नव्हते, रुताकडे बघत होते. तिने डोळे इतके घट्ट मिटले होते की नाकावर सुरकुत्या पडल्या होत्या. ओठ हलत होते. ती नावं तामांच्या आधी म्हणत होती.

“सेफिना,” तामा म्हणाले. “लाफाएले. त्याची बायको. त्याची मुलं.”

आणि थांबले.

इतर दिवशी त्यांनी ती जागा ओलांडली होती, न अडखळता, वाटेतला खड्डा ओलांडावा तशी. आज ते खड्ड्याच्या काठाशी उभे राहिले. शेजारी आमेन म्हणून झालं होतं आणि त्यांच्याकडे ताटल्या वाजायला लागल्या होत्या. रस्त्यावरच्या पोरांपैकी कुणीतरी शिंकलं. रुताचे ओठ थांबले. ती वाट बघत होती.

तामांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. खरंच येत नव्हतं, ते त्यांनी मला सांगितलंच होतं. मला वाटलं, यांची जीभ अडली आहे आणि माझी मोकळी आहे. माझ्यात अडायला काही नाहीच. मघाचं वचन अजून तोंडातच होतं, न चावलेल्या घासासारखं.

घरातला थोरला माणूस देवाशी बोलत असताना मधे कुणी बोलत नाही. मागच्या खांबाशी बसणारी तर नाहीच.

“फिलेमोनी,” मी म्हणाले. “क्वीन्सलंडला आहे.”

एवढंच. त्याचं भलं कर म्हटलं नाही, वाईट कर म्हटलं नाही, परत आण म्हटलं नाही. यातलं काही म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. तो क्वीन्सलंडला आहे हे खरं होतं. त्याचं नाव लाफाएलेच्या मुलांनंतर आणि माझ्या आधी येतं, तिथे मी ते ठेवलं.

मग तामांचा आवाज आला, नेहमीपेक्षा जाड. “मोएलांगी,” ते म्हणाले. “रुता. एनोका. आमेन.”

“आमेन,” सेफिनाताई म्हणाल्या. आणि उठता उठता, “चला. सुनेला कंठ फुटला. आता उद्यापासून गीतही हीच सुरू करणार, आणि आपण मेलो.” पण ताटं वाढताना माशाचं डोकं त्यांनी माझ्या ताटात टाकलं. ते डोकं या घरात तामांचं असतं. तामांनी पाहिलं आणि नीरफणसाचा तुकडा मोडून खायला लागले.

रुता माझ्याजवळ येऊन बसली. एनोकाच्या पायाचा अंगठा धरून बसली.

“म्हणजे बाबा आहेत,” ती म्हणाली.

“आहेत.”

“पेटी नाही येणार.”

“नाही.”

“मग ते कधी येणार?”

हा प्रश्न येणार हे मला दिसायला हवं होतं. मेलेला बाप येत नाही याला कारण लागत नाही. जिवंत बापाला लागतं. मी तामांकडे पाहिलं. ते आपल्या ताटाकडे बघत होते.

“त्यांना तिकडेच राहायचंय,” मी म्हणाले. “इकडे यायचं नाही म्हणाले.”

“कधीच?”

“मला माहीत नाही.”

तिने विचार केला. तिच्या कपाळावर फिलेमोनीसारखी उभी आठी पडते.

“बरं,” ती म्हणाली.

तो ‘बरं’ माझा होता. नारळ खवताना मी म्हटला होता तोच, तसाच सपाट, त्याच आवाजात. पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडात तो ऐकला आणि मला कुठेतरी आत टोचलं, सुईचा अंमल उतरताना गालात मुंग्या येतात तसं. मी तिला ओढून मांडीवर घेतलं, एनोकाच्या शेजारी, जागा नव्हती तरी. तेवढ्यात ते टोचणं गेलंही. पण आलं होतं.

“बरं नाही,” मी तिच्या केसांत म्हणाले. “बरं नाहीये ते, रुता.”

“मग काय आहे?”

“वाईट आहे.”

तिने मान हलवली आणि माझ्या ताटातला माशाचा डोळा मागितला. मी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर तामा अंगणात होते. ते आणि रुता गोटे उचलत होते. टाकून नव्हते देत. तीनाच्या कबरीभोवती कडेने लावत होते, रुता दाखवेल तसे, आणि तामांनी चुकीचा लावला की ती काढून परत त्यांच्या हातात देत होती. रिकामी झालेली जागा तिने पायाने थापटली. सेफिनाताईंनी लगेच तिथे चटई वाळत टाकली, कुणाला काही न विचारता.

फिलेमोनीचा फोन आलेला नाही. आला तर रुताशी बोलेल, माझं मला माहीत नाही. मी अजून मागच्या खांबाशीच बसते. बऱ्याच संध्याकाळी गाल माझा नसतो. पण तामा रोज त्या जागेशी येतात आणि थांबतात. त्यांच्याने ते नाव अजून निघत नाही, आणि गाळून पुढे जाणंही आता होत नाही. मग मी म्हणते. फिलेमोनी, क्वीन्सलंडला आहे. मग ते पुढे जातात.

एनोकाला दात येत आहेत, तो रडतो, कधी माझं लक्ष नसतं. नाव घ्यायला मला उशीर झाला की रुता डोळे न उघडता मला कोपराने ढोसते.